रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पोट का दुखतंय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी रात्री साडेनऊला फोन आला. पलीकडे एका मुलीचे वडील होते. "डॉक्टर, मुलीच्या पोटात दुखतंय. तसं काळजीचं काही नाही, दुपारीच सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आहे. फक्त दुखायचं थांबत नाहीये. एखादी चांगली गोळी सांगता का?"

मी गोळी सांगितली नाही. तीन प्रश्न विचारले. कधी सुरू झालं? "काल दुपारी साडेतीनला. क्लासचा जिना चढत होती, तिथंच बसली." वेळ इतकी नेमकी सांगता आली, तेव्हाच माझे कान टवकारले. उलट्या? "चार झाल्या." आणि मध्ये कधी पूर्ण थांबलं होतं का? "हो, काल रात्री एकदम थांबलं होतं तीन-चार तास. आम्हाला वाटलं, गेलं. पहाटे पुन्हा सुरू." मी म्हटलं, तिला आता काही खायला-प्यायला देऊ नका आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. रिपोर्टही आणा, फिल्मसकट.

(मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील तेच आहेत.)

सतरा वर्षांची मुलगी, बारावीतली. टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उजव्या बाजूला ओटीपोटावर हात ठेवल्याबरोबर तिनं माझं मनगट धरलं. मग मी रिपोर्ट वाचला. डावं अंडाशय तीन सेंटिमीटर. उजवं अंडाशय सहा सेंटिमीटरपेक्षा मोठं, सुजलेलं, कडेनं बारीक बारीक बीजपुटकं. ओटीपोटात थोडं पाणी. डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतो. आणि शेवटी ठळक अक्षरात निष्कर्ष: उजवीकडे पीसीओसारखं अंडाशय, पीळ असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. वडिलांनी फक्त ही शेवटची ओळ वाचली होती. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, जी प्रत्येक रिपोर्टखाली असते आणि जी कुणीच वाचत नाही: 'रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे.'

रात्री साडेबाराला दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. उजव्या अंडाशयाला दोन पूर्ण पीळ बसले होते. रंग पिकल्या जांभळासारखा झाला होता.

हा लेख त्या बारीक अक्षरातल्या ओळीबद्दल आहे.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, हे आधीच सांगतो. त्यांना जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. एक अंडाशय दुसऱ्याच्या दुप्पट आहे, हेही लिहिलं. पडताळून पाहा, असंही लिहिलं. पण पडताळणार कोण? वडिलांनी शनिवारी संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, फोनवरच लक्षणं सांगितली, रविवारी मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठी घेतली आणि थेट सोनोग्राफी सेंटर गाठलं. दीड दिवसात त्या मुलीच्या पोटाला तपासण्यासाठी एकाही डॉक्टरचा हात लागला नव्हता. यंत्राचा लागला होता, माणसाचा नाही. आणि हे आता सर्रास होतंय. पोट दुखलं की सोनोग्राफी, रिपोर्ट नॉर्मल आला की घरी. सोनोग्राफी ही तपासणीचा एक भाग आहे. आपण तिला तपासणीच्या जागी बसवलं आहे.

असं का करून चालत नाही, ते समजून घ्यायचं तर अंडाशयाला पीळ बसतो म्हणजे काय होतं ते पाहावं लागेल.

अंडाशय हे सालासकटच्या बदामाएवढं असतं, साधारण तीन सेंटिमीटर लांब. ते कुठं घट्ट चिकटलेलं नसतं. एका बाजूनं गर्भाशयाला आणि दुसऱ्या बाजूनं ओटीपोटाच्या भिंतीला अशा दोन बंधांनी ते झोक्यासारखं टांगलेलं असतं. त्याच बंधांमधून रक्तवाहिन्या येतात. अंडाशयात गाठ झाली, विशेषतः पाच सेंटिमीटरच्या पुढची, की झोका जड होतो आणि गिरकी घेतो. डर्मॉइड नावाची एक गाठ असते, जिच्यात चरबी, केस, कधी कधी दातसुद्धा असतात. ती या गिरकीसाठी बदनाम आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनं घेऊन अंडाशयं फुगवलेली असतात, तेव्हाही धोका वाढतो. गरोदरपणातही हे होऊ शकतं. आणि लहान मुलींमध्ये तर गाठ वगैरे काही नसताना, निव्वळ बंध लांब आहेत म्हणून चांगल्या अंडाशयाला पीळ बसू शकतो. वर सांगितलेल्या मुलीला गाठ नव्हतीच. डाव्यापेक्षा उजवीकडे हे जास्त होतं, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्यानं जागा अडवलेली असते. उजवीकडे हलायला मोकळीक असते. दुर्दैवानं उजवीकडेच अपेंडिक्सही असतं, त्यामुळे फसगत ठरलेली.

आता मुख्य मुद्दा. बोटाला दोरा घट्ट गुंडाळून पाहा. बोट आधी निळं-जांभळं पडतं आणि सुजतं. का? शिरा पातळ असतात, त्या आधी दबतात. धमन्या जाड भिंतीच्या आणि जोरात रक्त ढकलणाऱ्या, त्या चालू राहतात. म्हणजे रक्त आत येत राहतं आणि बाहेर पडत नाही. अंडाशयाचं नेमकं हेच होतं. त्यात त्याला रक्ताचे दोन पुरवठे आहेत: एक थेट महाधमनीतून येणाऱ्या धमनीचा, दुसरा गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीचा. एक अडला तरी दुसरा काही काळ तग धरतो. शिवाय पीळ कधी कधी अर्धवट असतो, कधी आपोआप सुटतो आणि पुन्हा बसतो. ती मुलगी शनिवारी रात्री तीन-चार तास बरी होती, ते बहुधा यामुळेच.

म्हणून डॉपलरवर लाल-निळे रंग दिसले याचा अर्थ पीळ नाही, असा होत नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पीळ पाहिलेल्या कितीतरी रुग्णांच्या आदल्या रिपोर्टमध्ये रक्तप्रवाह 'दिसतो' असं लिहिलेलं असतं. रक्तप्रवाह अजिबात दिसत नाही, असा रिपोर्ट असेल तर तो फार गंभीर. पण दिसतो म्हणाला तर त्यावर विसंबू नये. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली किशोरवयीन मुलींमधल्या या आजाराबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही हेच आहे: निव्वळ डॉपलरच्या रंगांवर निर्णय घेऊ नका.

मग सोनोग्राफीत पाहायचं काय? सगळ्यात बोलकी खूण म्हणजे दोन्ही बाजूंच्या आकारातला फरक. दुखणाऱ्या बाजूचं अंडाशय मोठं, सुजेनं आतून करडं-पांढरं आणि त्यातली बीजपुटकं कडेला ढकलली गेलेली. ते आपली जागा सोडून मध्यभागी, गर्भाशयाच्या मागं किंवा वर सरकलेलं. आणि शोधून सापडली तर भोवऱ्याची खूण: पिळलेल्या बंधाचा आडवा छेद पडद्यावर पाण्यातल्या भोवऱ्यासारखा गोल गोल दिसतो. भोवरा दिसला की शंका जवळजवळ मिटतेच. पण तो शोधावा लागतो, आणि शोधायला संशय मनात असावा लागतो. चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' लिहिलं असेल तर यंत्रावरच्या डॉक्टरांना पित्ताशयापासून मूत्राशयापर्यंत सगळं दहा मिनिटांत बघायचं असतं. चिठ्ठीवर 'काल साडेतीनला अचानक उजवीकडे कळ, चार उलट्या, पीळ आहे का?' असं असेल तर तेच डॉक्टर त्याच यंत्रावर वेगळं बघतात.

इथं पीसीओबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. हल्ली दर दोन-चार रिपोर्टांमागे एकात पीसीओ किंवा पीसीओडी लिहिलेलं असतं, आणि एकदा ते लिहिलं की मुलीच्या अंगावरचं काहीही त्याच्या नावावर खपवलं जातं. पीसीओनं पाळी लांबते, मुरमं येतात, नको तिथं केस येतात. अचानक असह्य कळ आणि उलट्या पीसीओनं होत नाहीत. शिवाय पीसीओ साधारण दोन्ही बाजूंना असतो. एकाच बाजूचं अंडाशय मोठं, कडेला बीजपुटकांची माळ आणि त्याच बाजूला दुखतंय, तर तो पीसीओ म्हणून सोडून देऊ नका. वरच्या रिपोर्टमधली खरी चूक कुठली असेल तर ती ही एका शब्दाची.

या यंत्राची आणि अंडाशयाची ओळख तशी जुनी आहे, अगदी पहिल्या दिवसापासूनची. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ च्या जुलैमध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्रू गावातल्या बॉयलरच्या कारखान्यात नेल्या. तिथं धातूमधल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र होतं. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांना तिथं दिसलं. पुढं १९५८ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पोटातल्या गाठींवरचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या काळातली एक रुग्ण प्रसिद्ध आहे. पोट फुगलेलं, जठराचा कर्करोग आहे आणि तो हाताबाहेर गेलाय, असं निदान झालेली बाई. डोनाल्ड यांच्या यंत्रानं दाखवलं की ती अंडाशयाची प्रचंड मोठी पाण्याची गाठ आहे. गाठ काढली, बाई वाचली. मला या गोष्टीतलं हे आवडतं की यंत्र एका डॉक्टरच्याच हातात होतं, ज्यानं त्या बाईचं पोट स्वतः तपासलं होतं. निदानाची ही दोन अंगं आपण नंतर वेगवेगळ्या इमारतींत नेऊन ठेवली. आज चाचणी एका चौकात, डॉक्टर दुसऱ्या चौकात आणि मध्ये पिशवीत फिल्म घेऊन फिरणारा नातेवाईक.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही प्रत्येक गाठीला घाबराल.

एक नवविवाहिता आली. हातात रिपोर्ट, त्यात 'चार सेंटिमीटरची गाठ', आणि गाठ काढायला पुढच्या आठवड्यातली तारीख. सासूबाई सोबत. दोघींच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: मूल होईल ना? विचारलं तेव्हा कळलं की पाळीचा बाविसावा दिवस होता, शरीरसंबंधानंतर अचानक डावीकडे कळ आली, दोन तास जोरात दुखलं, मग हळूहळू कमी होत गेलं. उलटी नाही. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन उत्तम. सोनोग्राफीत गाठीच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. ही रक्त साकळलेली गाठ. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यावर मागं जी पोकळी उरते तिच्यात कधी कधी रक्तस्राव होतो, कधी ती फुटून थोडं रक्त पोटात सांडतं. दुखतं खूप, पण बहुतेक वेळा ते आपोआप जिरतं. आम्ही वेदनाशामक दिलं, लक्ष ठेवलं आणि आठ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ गायब. ऑपरेशनची तारीख त्यांनी आधीच रद्द केली होती.

म्हणजे सोनोग्राफी जशी ऑपरेशन सुचवते तशीच ते टाळतेही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. चक्कर येत असेल, घाम सुटत असेल, पोट फुगत असेल किंवा खांद्यात दुखायला लागलं असेल तर पोटात जास्त रक्त सांडलेलं असू शकतं, तेव्हा घरी थांबायचं नाही. आणि हृदयासाठी किंवा इतर कारणासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण अशा रुग्णात हा साधा प्रकारही जिवावर बेतू शकतो.

पाळीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या आसपास, बीज बाहेर पडताना एका बाजूला टोचल्यासारखं दुखतं, तेही अनेकींना माहीत असतं. ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत थांबतं आणि त्यासाठी काही करावं लागत नाही. एंडोमेट्रिओसिसची चॉकलेट सिस्ट आणि जंतुसंसर्गानं झालेला पू हीदेखील अंडाशयाच्या दुखण्याची कारणं आहेत. पण त्यांचा इतिहास सहसा आधीपासून काहीतरी सांगत असतो: एकीत वर्षानुवर्षं पाळीत होणारा त्रास, दुसरीत ताप आणि अंगावरून घाण जाणं.

सोनोग्राफीच्याही आधी करायची एक तपासणी आहे, आणि तिच्यावरून माझे दवाखान्यात सर्वांत जास्त वाद होतात. लघवीतली गरोदरपणाची चाचणी. पाच मिनिटं लागतात, मेडिकलच्या दुकानात मिळते. पाळी येण्याच्या वयातल्या कुठल्याही स्त्रीच्या ओटीपोटात अचानक दुखलं तर ती करायची. "अहो डॉक्टर, माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, धाकटा आठवीत आहे," असं एक ताई हसत म्हणाल्या होत्या. चाचणी पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, अंडाशयाच्या शेजारी नळीत गर्भ आणि पोटात रक्त. नळ्या बांधल्यावर दिवस जाणं दुर्मीळ, पण गेलेच तर ते नळीत असण्याची शक्यता बरीच मोठी असते. चाचणी न करता केलेल्या सोनोग्राफीत तीच गाठ 'अंडाशयाची सिस्ट' म्हणून वाचली जाऊ शकते आणि बाई घरी जाऊ शकते. तांबी बसवलेली असली तरीही हेच लागू. अविवाहित मुलीची चाचणी करायची म्हटलं की आई-वडिलांना अपमान वाटतो. मी त्यांना सांगतो, आम्ही कुणावर संशय घेत नाही. रक्तगट तपासतो, तशी ही तपासतो, सगळ्यांचीच. आणि मुलीशी दोन मिनिटं एकटीशी बोलू द्या. आईसमोर ती पाळीची तारीखसुद्धा नीट सांगत नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत काय होतं याचीही भीती असते. पोटावरून करायच्या सोनोग्राफीला लघवी साठलेली लागते. भरलेल्या मूत्राशयातून पलीकडचं गर्भाशय आणि अंडाशय खिडकीतून दिसावं तसं दिसतं. योनिमार्गातून करायच्या सोनोग्राफीत बोटाएवढा निमुळता प्रोब वापरतात, त्यावर नवीन आवरण असतं, आणि लघवी करून यायचं असतं. प्रोब अंडाशयाच्या अगदी जवळ जात असल्यामुळे चित्र कितीतरी स्पष्ट येतं. विवाहित किंवा शरीरसंबंध आलेल्या स्त्रीमध्ये, तिनं संमती दिली तर, पीळ शोधायला ही उत्तम. लाजेखातर नाही म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या की नाही म्हटल्यानं निदान धूसर होऊ शकतं. स्त्री डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांची सोनोग्राफी पोटावरूनच करतात, त्यामुळे 'लग्नाआधी सोनोग्राफी नको' ही भीती निराधार आहे.

पण तातडीच्या वेळी या भरलेल्या लघवीनं घोटाळा होतो. "एक लिटर पाणी प्या आणि बाहेर बसा," असं सांगून उलट्या होणाऱ्या मुलीला दोन तास बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. ती पाणी पिते, ओकते, पुन्हा पिते. आणि तासाभरानं ऑपरेशन ठरलं तर भूल देणारे डॉक्टर विचारतात, शेवटचं पाणी कधी प्यायली? अशा वेळी शिरेतून सलाईन देता येतं, गरज पडली तर नळीवाटे मूत्राशय भरता येतं. आणि अर्धवट भरलेल्या लघवीवर दिसेल तेवढं बघून निर्णय घेता येतो. सहा सेंटिमीटरचं अंडाशय लपून बसत नाही.

दुसरी अडचण रात्रीची. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी तुम्ही प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर पाहिली असेल. लिंगनिवडीविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र पहिला होता, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. यंत्र नोंदवावं लागतं, ते चालवणाऱ्या डॉक्टरची नोंद लागते, वाटेल तिथं यंत्र उचलून नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठीच हा कायदा आहे आणि तो कडकच असावा, असं माझं मत आहे. पण तालुक्याच्या गावी रात्री नऊनंतर नोंदणीकृत हात मिळत नाहीत, ही वस्तुस्थितीही आहे. म्हणून अशा वेळी सकाळची वाट बघत बसण्यापेक्षा जिथं सोनोग्राफी आणि ऑपरेशन दोन्ही एकाच छताखाली होईल अशा जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्रीच निघा. आधी फोन करून विचारा. तिथंही चित्र धूसर असेल तर कुणी सीटी स्कॅन सुचवेल, गरोदर असेल तर एमआरआय. पण संशय दाट असेल तर त्यात वेळ न दवडता दुर्बीण घालून बघणं हेच शेवटचं निदान असतं. दुर्बीण घातली आणि पीळ निघाला नाही, असंही कधी कधी होतं. मी अशा रिकाम्या हाती परतलेल्या दुर्बिणींबद्दल कधी दिलगिरी वाटून घेत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी वाटून घ्यावी अशी अपेक्षाही करू नका.

वाट बघितल्याचा खर्च काय, तो मी स्वतः मोजला आहे. शिकाऊ डॉक्टर असताना आम्हाला शिकवलं होतं की काळंनिळं पडलेलं अंडाशय मेलेलं असतं. पीळ सोडवायचा नाही, कारण आत साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या सुटून फुप्फुसात जातील. तसंच्या तसं कापून काढायचं. मी तसं काढलं आहे, एकदा नाही. त्यातली एक चौदा वर्षांची होती. पुढं अनुभव आणि अभ्यास जमत गेले तसं कळलं की ती गुठळ्यांची भीती निराधार होती आणि काळं दिसणारं अंडाशय बहुतेक वेळा जिवंत असतं. आजचा सल्ला असा आहे की मुलींमध्ये आणि मूल हवं असलेल्या स्त्रियांमध्ये रंग कसाही असो, पीळ सोडवा आणि अंडाशय जागेवर ठेवा. कर्करोगाचा संशय असला किंवा पाळी कायमची गेलेली असली तर गणित वेगळं असतं, तेव्हा काढणंच योग्य ठरू शकतं. त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी नियमानुसार वागलो होतो. तरीही तिची फाइल मला अजून आठवते.

म्हणून 'चोवीस तास उलटले, आता काय उपयोग' असंही म्हणू नका. अमुक तासांनंतर सगळं संपतं, अशी रेघ अंडाशयाच्या बाबतीत मारता येत नाही. जितकं लवकर तितकं अधिक वाचतं, एवढं नक्की.

एक तुलना मला नेहमी छळते. मुलांमध्ये वृषणाला असाच पीळ बसतो. तिथं सहा तासांच्या आत सोडवायला हवा हे डॉक्टरांच्या मनावर कोरलेलं असतं, आणि सूज बाहेरून दिसत असल्यानं घरचेही धावतात. मुलीचं दुखणं आत असतं. तिला आधी ओवा दिला जातो, मग पाळी जवळ आली असेल म्हणतात, मग बेंबी सरकली म्हणून पोट चोळलं जातं, मग परीक्षेचं टेन्शन. तीही अंगावर काढते, कारण दुखणं अंगावर काढायला तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाळीचं दुखणं रोजच्या ओळखीचं असतं. मुलीनं स्वतःहून सांगितलं की हे नेहमीसारखं नाही, तर त्या वाक्याला माझ्या लेखी रिपोर्टच्या ठळक ओळीपेक्षा जास्त वजन आहे.

त्या बारावीतल्या मुलीचा पीळ सोडवल्यावर आम्ही दहा मिनिटं वाट पाहिली. रंग थोडासाच उजळला. वडील ऑपरेशन थिएटरच्या दाराशी विचारत होते, काढलं का? नाही काढलं, म्हटलं. दोन महिन्यांनी सोनोग्राफी केली. उजवं अंडाशय पुन्हा तीन सेंटिमीटरचं झालं होतं आणि त्यात बीजपुटकं दिसत होती. एकदा पीळ बसलेल्या अंडाशयाला तो पुन्हा बसू शकतो, दुसऱ्या बाजूलाही बसू शकतो, म्हणून तिला सांगितलं आहे की पुन्हा अशी कळ आली तर ऑपरेशनचा कागद घेऊन थेट रुग्णालयात जायचं आणि पहिलं वाक्य हेच बोलायचं: मला आधी पीळ बसला होता.

आणि हा लेख वाचून कृपया रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. आत्ता, या क्षणी पोटात दुखत असेल तर जवळच्या अशा डॉक्टरकडे जा जो तुमच्या पोटाला हात लावून तपासेल. मीही फोटो बघून तेवढंच सांगणार आहे.